बाप दाखव

पवळी माझी कालवड, अजून न व्यालेली. तिच्या छातीभोवती टेप गुंडाळायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिनं टेपच तोंडात घेतली आणि सुरुवातीचे चार इंच चघळून त्यावरचे आकडे पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी टेप पोटाला लागली तशी ती अशी उडाली की मी भिंतीला आणि ती दाव्याच्या टोकाला. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे आंबोणाचं घमेलं सरकवलं आणि तिचं तोंड त्यात असेपर्यंत पुढच्या पायांच्या मागून, कोपराला लागून, टेप एकदाची फिरवून घेतली. घेर ६१ इंच. खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतची लांबी ५० इंच.

घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर आलं २८२ किलो. तिची आई सोनी पूर्ण वाढलेली, ४७० किलोची. तिचे ६० टक्के काढले तर तेही २८२. टेपनं काढलेलं वजन दहावीस किलो इकडेतिकडे होतंच, त्यामुळे इतकं नेमकं जुळणं हा निव्वळ योगायोग. तरी मला बरं वाटलं. कालवड भरवायची, म्हणजे गाभण करून घ्यायची, ती वयावर नाही, वजनावर, हे मी स्वतःला गेले दोन महिने बजावत होते आणि त्या दोन महिन्यांत पवळीचे दोनतीन माज, म्हणजे गाभ धरायला तयार असण्याच्या वेळा, डोळ्यांदेखत सोडून दिले होते. कालवडीला माज नवव्या-दहाव्या महिन्यातही येतो. माज आला म्हणजे वासरू बाहेर यायची वाट तयार झाली, असं नसतं. ती वाट हाडांची असते आणि हाडं आपल्या वेळेनं वाढतात.

पवळी आता पंधरा महिन्यांची झाली होती. तिची बाजू तयार होती. राहिला बाप.

ज्यांचं रेत, म्हणजे वीर्य, विकत मिळतं त्या वळूंची यादी उघडली की आधी फोटो दिसतात. सगळे एकाच तऱ्हेचे: पुढचे पाय जरा उंचवट्यावर, मान ताठ, पाठ पट्टीनं आखल्यासारखी. बघायला छान वाटतं आणि त्यातून काहीच कळत नाही. दुधाच्या जातीच्या वळूची गंमतच ही आहे की ज्या कामासाठी त्याला निवडायचं, ते काम तो स्वतः कधीच करत नाही. त्याला ना कास, ना सड, ना वेत. त्याच्याबद्दल जे काही बोलायचं ते त्याच्या मुलींवरून. 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण इथं उलटी चालते. इथं आधी मुली दाखवाव्या लागतात, मग बापाला बाप म्हणतात.

पूर्वी हे अक्षरशः तसंच होतं. तरुण वळूचं थोडं रेत गोठ्यागोठ्यांत वाटायचं, मुली जन्मायची वाट बघायची, त्या वाढायच्या, गाभण राहायच्या, व्यायच्या, मग त्यांचं दूध मोजायचं. तोवर वळू पाचेक वर्षांचा होऊन गेलेला. बहुतेक वळू या परीक्षेत नापासच व्हायचे. २००९ मध्ये अमेरिकेत जनुकीय चाचणीवर आधारलेलं मूल्यांकन अधिकृतपणे सुरू झालं आणि मग वासराच्या चार केसांवरून त्याचं भविष्य छापता यायला लागलं. आता यादीत असे वळू असतात ज्यांची एकही मुलगी अजून धारेला आलेली नाही आणि आकडे मात्र भरघोस. त्या आकड्यांच्या शेजारी एक बारीक रकाना असतो, खात्रीचा. तरुण वळूसमोर ७०-७५ टक्के, शेकडो मुली पिळून झालेल्या वळूसमोर ९०च्या वर. अख्ख्या यादीत मला हा एकच रकाना नम्र वाटतो. बाकीचे मिरवतात. हा सांगतो, की त्यांचं किती ऐकायचं.

आणि खात्री ९९ टक्के असली तरी ती सरासरीची. या वळूच्या हजार मुली सरासरीनं अशा निघतील, एवढंच त्यात छापलेलं असतं. माझ्याकडे हजार मुली नाहीत. माझ्याकडे पवळी आहे आणि तिच्या पोटी येणारं एक वासरू. त्या वासरात बापाचा अर्धा वाटा येणार, पण कुठला अर्धा, ते कोणीच छापू शकत नाही.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहिते आहे, कारण सोनीच्या वेळी मी यादी चुकीची वाचली होती.

सोनी तेव्हा अशीच कालवड होती. मला कुणी तरी सांगितलेलं: पहिलारूसाठी, पहिल्यांदा विणारीसाठी, दूध-बीध बघू नकोस, सुलभ प्रसूतीचा आकडा बघ. मी बघितला. चांगला होता. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की सुलभ प्रसूतीचे रकाने दोन असतात. एक सांगतो, या वळूची वासरं जन्मताना किती सहज बाहेर येतात. दुसरा सांगतो, या वळूच्या मुली मोठ्या होऊन स्वतः विताना किती सहज मोकळ्या होतात. मी वाचला तो दुसरा. त्या वळूच्या मुली सहज वीत होत्या, कारण त्या रुंद, दांडग्या होत्या. दांडग्या होत्या, कारण जन्मतानाच दांडग्या होत्या. आणि तसलंच एक दांडगं वासरू मी सोनीच्या पोटात ठेवलं होतं.

पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले तरी खुरांच्या पुढे काही येईना. खूर बघूनच पोटात गोळा आला. वासराचं खूर केवढं असावं, याचा डोळ्यांना एक अंदाज असतो. हे त्याच्या दीडपट होतं. डॉक्टर आले. दोऱ्या गुडघ्याखाली बांधल्या, एक पाय आधी, मग दुसरा, सोनीची कळ येईल तेव्हाच ओढायचं, कळ गेली की थांबायचं. मी एक दोरी धरली होती. त्या थांबण्याच्या मिनिटांत सोनी मान वळवून मागे बघत होती. तिला काय होतंय ते कळत नसावं आणि मला पूर्ण कळत होतं, हा त्यातला वाईट भाग.

वासरू मेलेलं आलं. गोऱ्हा होता. सोनी उठेना. आतून जाणारी नस वासराच्या भारानं चेपली गेली होती, मागचे पाय फरशीवर दोन बाजूंना फाकायचे. खाली जाड पेंढा घातला, ते फाकू नयेत म्हणून मागच्या पायांत सैल बेडी अडकवली, दर तीनचार तासांनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तर ती उभी. थरथरत, पण उभी. त्यानंतरच्या वितात पवळी झाली, मी घरातून गोठ्यात पोचेपर्यंत बाहेर, आईचं चाटणंही अर्धं झालेलं.

म्हणून या वेळी यादी उघडायच्या आधी मी एक संध्याकाळ गोठ्यात बसले. वळू बाजूला ठेवला. गाय बघितली.

कालवडीची कास तर दिसत नाही. सगळं अजून आत. तेव्हा बघायचं आईकडे. खाण तशी माती. सोनीचं दूध पुरेसं, पाय चांगले, स्वभाव गरीब. खोट एकच आणि ती मी रोज दोनदा हातानं भोगते: तिचे मागचे सड आखूड आहेत आणि एकमेकांकडे झुकलेले. पुढच्या सडांना पूर्ण मूठ बसते, चार बोटं एकामागून एक मिटतात, धार बादलीत वाजते. मागच्यांना मूठ बसतच नाही. अंगठा आणि दोन बोटं, चिमटीनं ओढत राहायचं. आणि ते इतके जवळ की दोन्ही हात एकमेकांना ढकलतात. हिवाळ्यात अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते ती त्या दोन सडांची. पवळी या बाबतीत आईवर गेली असेल असं धरूनच चालायचं.

आता गंमत बघा. यादीतले बरेच वळू नेमके इथंच माझ्या उपयोगाचे नाहीत. मोठे गोठे मशिनवर दूध काढतात. मशिनच्या कपाला फार लांब सड चालत नाही, मध्यम-आखूड बरा. कास वर, घट्ट, सड नीट मध्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तशी निवड झाली आणि हातानं पिळणाऱ्याच्या मुठीतून सड निसटत गेला. सडाच्या लांबीचा रकाना यादीत असतो, पण तो गुणाचा रकाना नसतो. शून्याच्या एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब, चांगलं-वाईट ज्याचं त्यानं ठरवायचं. मी बोट ठेवून तो रकाना खाली खाली वाचत गेले आणि ज्यांच्या मुलींचे सड जातीच्या सरासरीपेक्षा आखूड, ते वळू खोडले. त्यात दुधाला पहिल्या नंबरवर असलेले दोघे गेले. मला फार वाईट वाटलं नाही. दोन गाईंच्या घराला चाळीस लिटरची गाय करायची काय? तेवढं दूध देणाऱ्या गायीला तेवढं खायलाही लागतं; ते दिलं नाही तर ती ते स्वतःच्या अंगातून काढते, हाडं दिसायला लागतात आणि पुन्हा गाभण राहायचं नाव घेत नाही. मला दूध थोडं कमी चालेल, स्निग्धांश आणि प्रथिनं असू देत.

प्रसूतीचे दोन्ही रकाने या वेळी बोटानं वाचले, मोठ्यानं. पहिला पवळीसाठी, दुसरा पवळीच्या मुलीसाठी. इथं एक चकवा आहे. पहिल्या रकान्यात सगळ्यात वरचा वळू घ्यावा असं वाटतं, सगळ्यात लहान वासरं देणारा. पण लहान जन्मलेली मुलगी बहुधा चणीनंही लहान राहते आणि तिच्या पाळीला पुन्हा तोच प्रश्न. दर पिढीला अडचण पुढे ढकलत राहायचं. म्हणून दोन्हीकडे चांगल्यात बसणारा आणि टोकाचा नसणारा वळू हवा. असे नऊ उरले.

याच सुमारास शेजारचे काका येऊन गेले. त्यांच्याकडे वळू आहे, दोन वर्षांचा, चकचकीत, मानेला ही एवढी घडी. "घरात वळू असताना ती नळकांडी कशाला आणतेस गं?" काकांना राग आलेला नव्हता, पण मान थोडा दुखावला होता. मी म्हटलं, "काका, तुमच्या वळूचा बाप कोण?" त्यांनी अभिमानानं सांगितला. "आणि पवळीचा?" काका गप्प झाले. तोच. त्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच वळूच्या रेताच्या मात्रा घेतल्या होत्या. सावत्र भाऊ-बहीण. त्यांच्या वासरात साडेबारा टक्के सगोत्र प्रजनन होतं, म्हणजे आठांतल्या एका जागी दोन्हीकडून येणारं जनुक एकाच पूर्वजाची नक्कल असतं.

बाकीची कारणं मी काकांना सांगितली नाहीत. वळूकडून पसरणारे ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंचे रोग वळूच्या अंगावर दिसत नाहीत. तो ठणठणीत असतो आणि गायी मात्र गाभ धरून टाकत राहतात. शिवाय त्यांचा वळू बाटलीवर वाढलेला आहे, सगळ्यांच्या अंगाशी येतो, कानामागं खाजवून घेतो. दुधाच्या जातीच्या वळूंपैकी मला सगळ्यात भीती याच तऱ्हेच्या वळूची वाटते. माणसाला तो आपल्यातलाच समजतो, आणि वयात आल्यावर आपल्यातल्यांशी वळू जे करतो ते माणसाशी करायला बघतो. काकांचं एक म्हणणं मात्र बिनतोड होतं. जाताना म्हणाले, "माझ्या वळूला माज चुकत नाही. तुला चुकेल." खरं आहे. मुका माज वळूला कळतो, मला दहातले तीन निसटतात.

नात्यागोत्याचं हे प्रकरण मोठ्या प्रमाणात केवढं महागात पडतं, याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा, होल्स्टीन या दुधाळ जातीचा वळू, जन्म १९६२. मुली १६,०००, नाती पाच लाखांच्या घरात. दूध वाढवणारा वळू म्हणून त्याचं रक्त जगभर गेलं. आजच्या होल्स्टीनच्या जनुकांत सुमारे १४ टक्के वाटा एकट्या त्याचा. त्याच्या रक्तात एक बिघडलेलं जनुक लपून होतं. एका बाजूनं आलं तर काही होत नाही. दोन्ही बाजूंनी आलं तर गर्भ पोटातच मरतो. वंशज एकमेकांना भेटायला लागले तसे गर्भपात व्हायला लागले. ते जनुक नेमकं कुठलं, हे २०१६ मध्ये कळलं आणि तोवर जगभरात अंदाजे पाच लाख गर्भ गेले होते. तरी हिशेब मांडणाऱ्यांनी काढलं, की त्यानं वाढवलेल्या दुधाची किंमत या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त भरली. हिशेब बरोबर असेलही. ज्याची गाय गाभ न टिकता पुन्हा पुन्हा माजावर येत राहिली त्याच्या वहीत तो तसा दिसला नसणार.

असले लपलेले दोष आता वळूच्या नावापुढे खुणेनं छापतात. नऊपैकी चार पवळीच्या बापाचे जवळचे निघाले, दोघांपुढे दोषाची खूण होती. उरले तीन. त्यातला एक बिनशिंगी. मोह झाला. बिनशिंगीपणाचं जनुक प्रबळ असतं, बापाकडून एक मिळालं तरी वासराला शिंगं येत नाहीत, आणि शिंगाचे कोंब डागताना वासरू जे ओरडतं ते मला दरवेळी आठवडाभर ऐकू येतं. पण त्याच्या मुलींचे मागचे सड सोनीसारखेच आत झुकलेले. अंगठ्याची कळ की आठवडाभराचं ओरडणं? डागायच्या आधी बधिर करायचं इंजेक्शन मिळतं. अंगठ्याला काही मिळत नाही. बिनशिंगी गेला. उरलेल्या दोघांतला मी खात्रीचा आकडा ९४ असलेला घेतला. यादीत तो बराच खाली होता. त्याचा फोटोही धड नव्हता.

त्याची लिंगनिर्धारित मात्रा, म्हणजे बहुतेक मुलगीच देणारं रेत, मिळत होती, ती घेतली. मुलगी देणाऱ्या शुक्राणूत डीएनए साधारण चार टक्के जास्त असतं. रंग लावून लेझरखालून एकेक सोडतात आणि चकाकी जास्त असेल तो बाजूला काढतात. त्यामुळे शंभरातल्या नव्वदेक वेळा कालवडच होते. या वेचणीत शुक्राणू दमतात, गाभ राहायचं प्रमाण जरा घटतं, म्हणून ती मात्रा कालवडीलाच वापरावी असं म्हणतात. गायीपेक्षा कालवड सहज गाभ धरते. माझं कारण वेगळं होतं. मादी वासरू जन्मताना नरापेक्षा थोडं हलकं असतं.

मग माजाची वाट. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पवळी हंबरायला लागली, शेपटीखाली बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ, तार न तुटता लोंबणारा. सोनी तिच्यावर चढली आणि पवळी हलली नाही. हीच खूण. बाकी ओरडणं, हुंगणं, अस्वस्थपणा सगळं फसवू शकतं. दुसरी चढल्यावर जी जागची हलत नाही ती माजावर. रेतन करणाऱ्या मुलाला फोन केला. "ताई, लिंगनिर्धारित आहे ना? मग सकाळी जरा उशिरा येतो, दहाला. घाई नको."

दहाला आला. डब्याचं झाकण उघडल्यावर आतून पांढरा धूर काठावरून खाली सांडला. आत उणे १९६ अंश. चिमट्यानं कांडी काढली, झटकली, ३६ अंशांच्या पाण्यात टाकली, घड्याळ बघत पंचेचाळीस सेकंद. मग पुसून अगदी कोरडी केली, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात, आणि माझ्यापुढे धरली. "नाव वाचून घ्या. नंतर म्हणाल दुसराच टाकला."

पाव मिलिलिटरची कांडी, शेवयीपेक्षा जरा जाड. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत वळूचं नाव, क्रमांक आणि रेत गोळा केल्याची तारीख. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. म्हणजे तो आज हयात असेलच असं नाही. मी नाव मोठ्यानं वाचलं. त्यानं कांडी शर्टाच्या आत, छातीशी धरलेल्या नळीत बसवली, हातमोजा चढवला आणि एका मिनिटात सगळं आटोपलं. पवळीनं या सगळ्या वेळात आंबोणातून तोंड वर काढलं नाही.

दोन दिवसांनी शेपटीच्या गोंड्याला रक्ताचा वाळका डाग दिसला. पहिल्यांदा बघणाऱ्याला धस्स होतं. त्याचा अर्थ एवढाच की माज येऊन गेला. गाभ राहिला की नाही ते तो सांगत नाही.

एकविसाव्या दिवशी मी पाचला उठून गोठ्यात गेले. बाविसाव्या दिवशीही. तेविसाव्या दिवशी सोनीच माजावर आली आणि भल्या पहाटे पवळीवर चढायला बघायला लागली. पवळी दोन पावलं पुढे सरकली, चिडून एकदा मागे बघितलं आणि भिंतीशी जाऊन बसली. रवंथ सुरू.

मी वही काढली. भरवल्याच्या तारखेत २८० दिवस मिळवून विण्याची तारीख लिहिली, तपासणीची तारीख लिहिली आणि बापाच्या रकान्यात त्याचं नाव. पेन्सिलीनं.